नावं साताऱ्याची, स्मारक कोपरखैरण्यात, आणि शिक्का म्हणे ठाण्याचाच हवा

लढाईत गेलेल्या जवानाचं नाव दगडावर कोरायचं तर स्मारक ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का पाहिजे, असा नियम आम्हाला कुणीही दाखवू शकलं नाही. तरी त्या एका शिक्क्यापायी आमचं काम अख्खा पावसाळा अडून राहिलं. स्मारक उभं राहिलं, पण राग गेलेला नाही. दुसऱ्या कुणाला हे भोगावं लागू नये म्हणून लिहितेय.

कोपरखैरण्यातली आमची माथाडी वसाहत म्हणजे निम्मं साताराच. एक भाऊ वाशीच्या मार्केटात, दुसरा पलटणीत, असं कित्येक घरांत. तिकडे अपशिंगे मिलिटरी नावाच्या गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या 46 जणांचं स्मारक आहे. ते बघत मोठ्या झालेल्या माणसांना वाटलं, इथल्या घरांमधल्या पाच जवानांची नावंही पोरांना येता-जाता दिसावीत.

आधी चौकात करायचं म्हणत होतो. तो विचार तुम्ही करूच नका. रस्ते, फुटपाथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम करायला राज्य सरकारने परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. सोसायटीच्या आवारात करा आणि सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. आमचा ठराव, वर्गणी, ग्रॅनाइट सगळं पटापट झालं.

मग फाइल परवानगीच्या टेबलावर गेली. कार्यालयाचं नाव घेत नाही. त्यांनी नावांची साक्षांकित यादी मागितली, ते योग्यच होतं. चार घरांची पत्रं आम्ही साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आणली. टेबलावरच्या साहेबांनी शिक्का बघितला आणि कागद परत सरकवले. "स्मारक ठाणे जिल्ह्यात, मग साताऱ्याचं कसं चालेल?"

आता हे समजून घ्या. जवान भरतीच्या वेळी कायमचा पत्ता गावचा देतो. घरच्यांनी मुद्दाम बदलून घेतली नसेल तर त्यांची नोंद त्याच जिल्ह्यात राहते. कुटुंब पोटापाण्यासाठी नवी मुंबईत आलं म्हणून ती आपोआप इकडे येत नाही. मग ज्यांची नोंदच ठाण्यात नाही, त्यांच्या नावावर ठाण्याने शिक्का कशाच्या जोरावर मारायचा? हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. "वरून विचारून सांगतो" यापलीकडे उत्तर मिळालं नाही. कधी साहेब मीटिंगला, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर.

पाचवं नाव 1971 चं. जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होती, तिथे आमच्या शेजारच्या आजींचे मालक गेले. आजींकडे कागद एकही नव्हता, सगळे गावच्या घरात पाण्याने गेलेले. होतं ते एक संग्राम पदक. राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव सापडलं, ते छापून नेलं, तर म्हणाले, "इंटरनेटचा कागद चालत नाही." आजी स्वतः आल्या होत्या. "लढाईतच गेले याला पुरावा काय?" असं त्यांच्या तोंडावर विचारलं. आजींनी पदराच्या गाठीतून पदक काढून टेबलावर ठेवलं. समोरच्याने हातही लावला नाही. ते दृश्य मी विसरणार नाही.

त्या पदकानेच काम केलं. पदक आडवं धरून कड बघा, तिथे बारीक अक्षरांत लष्करी नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. आजींच्या मालकांचा नंबर काळा पडला होता. चिंच लावायला निघालेल्या नातवाला मी थांबवलं. मऊ कापडाने पुसून, उजेडात तिरकं धरून मोबाइलने फोटो काढला, तेव्हा आकडे वाचता आले. तो नंबर घालून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवलं. उत्तरात युनिट, तारीख आणि 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईतच गेले, अशी स्पष्ट नोंद आली. नंबर असेल तर बाकी सगळं मिळतं. घरात कुणी फौजेत असेल तर त्याचा नंबर आजच वहीत लिहून ठेवा.

ते पत्र जोडूनही शिक्क्याचा हट्ट सुटेना, तेव्हा मी माहितीचा अधिकार वापरला. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. प्रश्न एकच विचारला: ठाणे जिल्ह्याचाच शिक्का लागतो हे कोणत्या नियमात किंवा परिपत्रकात आहे, त्याची प्रत द्या. प्रत आली नाही, मुदतीच्या आत परवानगी आली. हे पहिल्या नकारालाच करायला हवं, असं मी आता प्रत्येकाला सांगते. तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका, लेखी मागा.

राहून गेलेलं एक: दगडावर तीन सिंहांची राजमुद्रा घालू नका, तिच्या वापरावर 2005 चा कायदा आहे. आम्ही 'कर्तव्य, मान, साहस' हे मराठा रेजिमेंटचं ब्रीद कोरलं. तेही पाचही जवान मराठाचे होते म्हणून. तुमच्याकडे वेगवेगळ्या रेजिमेंटचे असतील तर नावापुढे युनिट लिहा. कोरण्याआधी कागदावर पूर्ण मजकूर काढून प्रत्येक घराकडून वाचून सही घ्या. आमच्याकडे एका वडिलांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ तिथे सुधारला. ग्रॅनाइटवर नंतर दुरुस्ती होत नाही.

16 डिसेंबरला, विजय दिनाला, अनावरण आजींच्याच हातून केलं. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे. कुणाला हवा असेल तर मागा, नाव-गाव बदललं की तसाच चालेल.