चंचल मुलाची तीन आठवड्यांची वही

मुलगा चार वर्षे दोन महिन्यांचा असताना बालवर्गाच्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतले आणि अतिशय सौजन्याने सांगितले की तो कशातच लक्ष देत नाही. गोष्ट सुरू झाली की तिसऱ्या वाक्याला तो उठतो, गोलात बसवले तर शेजारच्या मुलाच्या बुटाची पट्टी उघडत-मिटत राहतो, चित्र रंगवायला दिले तर दोन रेघोट्या ओढून खिडकीशी जातो आणि नावाने हाक मारली तर चौथ्या हाकेला वळून पाहतो. यातले काहीच आम्हाला नवे नव्हते. तरीही दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकल्यावर पोटात गोळा आला आणि त्या रात्री मी इंटरनेटवर एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराच्या, लक्षणांची यादी उघडून त्याची एकेक सवय तिच्याशी ताडून पाहत बसलो.

जवळजवळ सगळेच जुळत होते. मात्र ती यादी हातात घेऊन चार वर्षांच्या कोणत्याही मुलाकडे पाहिले तरी बरेचसे जुळेल, हे ध्यानात यायला मला दोन दिवस लागले. निदानाचे जे निकष जगभर वापरले जातात, त्यांत लक्षणे किमान सहा महिने टिकून असावीत, घर आणि शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत आणि मुलाच्या वयाच्या मानाने ती अधिक असावीत, अशा अटी आहेत. यातली शेवटची अट सर्वांत सहज विसरली जाते. आमचा मुलगा वर्गात वयाने सर्वांत लहान आहे. काही सोबती त्याच्याहून दहा-अकरा महिन्यांनी मोठे आहेत, आणि या वयात दहा महिने म्हणजे आयुष्याचा जवळपास पाचवा हिस्सा. अमेरिकेतील ज्या राज्यांत शाळाप्रवेशासाठी 1 सप्टेंबर ही वयाची सीमारेषा आहे, तेथील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान ठरलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचे निदान होण्याचे प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांपेक्षा सुमारे 34 टक्क्यांनी अधिक आढळले. एका महिन्याच्या फरकाने मेंदू एवढा वेगळा होत नाही. तुलना कोणाशी होते, एवढेच बदलते.

माझी पत्नी स्वभावाने हिशेबी आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी आपण नुसते लिहून काढू, असे तिने सुचवले. वहीच्या पानावर तिने दोन रकाने आखले. डावीकडे त्याचे लक्ष कशावर आणि साधारण किती वेळ टिकले ते लिहायचे, आणि उजवीकडे ते कशाने मोडले ते. तीन आठवडे आम्ही हा उद्योग केला, आणि आमच्या मुलाविषयी मला जे काही कळले आहे त्यातला मोठा भाग त्या उजव्या रकान्याने शिकवला आहे.

डाव्या रकान्यात रंगकाम दोन मिनिटे, अक्षरांची पाटी एक मिनिट, गोष्टीचे पुस्तक तीन मिनिटे अशा अपेक्षित नोंदी होत्याच. पण त्याच रकान्यात रिकाम्या बाटल्यांना त्यांची त्यांची झाकणे शोधून लावणे सतरा मिनिटे, बादलीतल्या पाण्यात डबे बुडवून कोणता तरंगतो ते पाहणे वीस मिनिटांहून अधिक, मुंग्यांची रांग कोठून येते याचा पाठपुरावा अकरा मिनिटे, अशाही नोंदी झाल्या. वयाच्या दर वर्षाला दोन ते तीन मिनिटे एकाग्रता असते, असा एक नियम पालकांच्या गप्पांत वारंवार ऐकू येतो. आमच्या वहीपुरते सांगायचे तर तो नियम एकाच दिवशी सकाळी खोटा आणि दुपारी खरा ठरत होता. बाटलीशी बसलेला मुलगा आणि पाटीसमोर बसलेला मुलगा यांच्यात मिनिटांचे काही नातेच नव्हते.

उजवा रकाना वाचताना मात्र आम्ही दोघेही ओशाळलो. 'मी हाक मारली.' 'आईने विचारले, काय चाललंय?' 'मी म्हणालो, असं नाही, उलटं फिरव.' 'फोटो काढायला गेलो.' 'छान केलंस म्हणून टाळ्या वाजवल्या.' निम्म्याहून अधिक वेळा त्याचे लक्ष मोडणारे आम्हीच होतो, आणि तेही बहुतेक वेळा प्रेमापोटी. जो मुलगा लक्ष देत नाही म्हणून आम्ही चिंतेत होतो, त्याने दिलेले लक्ष आम्ही दिवसातून कितीतरी वेळा अर्ध्यावर तोडत होतो आणि नंतर आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या आवडीच्या वस्तूवर ते परत मागत होतो. 'लक्ष दे' ही आज्ञा त्यामुळे मला आता विचित्र वाटते. 'दार लाव' म्हटले की काय करायचे ते कळते. 'लक्ष दे' म्हटल्यावर चार वर्षांच्या मुलाने शरीराचा नेमका कोणता भाग हलवायचा?

याच सुमारास चेन यू आणि लिंडा स्मिथ या इंडियाना विद्यापीठातील संशोधकांचे 2016 मधील काम माझ्या वाचनात आले. साधारण वर्षभराची बाळे आणि त्यांचे पालक एकत्र खेळत असताना दोघांचीही नजर कुठे जाते, हे त्यांनी डोक्यावर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने नोंदवले होते. बाळ ज्या खेळण्याकडे पाहत आहे त्याच खेळण्याकडे पालकानेही पाहिले, तर बाळाची नजर तिथे अधिक काळ टिकते आणि पालकाची नजर दूर गेल्यावरही काही काळ टिकून राहते, असे त्यांना आढळले. आमचा मुलगा बाळ नव्हता हे खरे, तरी त्या निष्कर्षाने आमची दिशा ठरवली. त्याची नजर आमच्या वस्तूकडे ओढण्याआधी आमची नजर त्याच्या वस्तूपाशी नेऊन ठेवायची, असे आम्ही ठरवले.

लहान मुलांच्या पालकांसाठी जे वर्तन-प्रशिक्षण दिले जाते, त्यातील अनेक पद्धतींचा पाया हाच आहे. दररोज काही मिनिटे खेळाची सूत्रे मुलाच्या हातात द्यायची. पालकाने शेजारी बसून तो काय करतो आहे ते साध्या शब्दांत बोलून दाखवायचे आणि त्या वेळात प्रश्न, हुकूम आणि शिकवणी या तिन्ही गोष्टी टाळायच्या. वाचताना हे इतके सोपे वाटले की मी ते जवळजवळ बाजूलाच ठेवले होते. पहिल्या दिवशी पत्नी शेजारी बसून मोजत होती आणि दहा मिनिटांत माझ्या तोंडून चौदा प्रश्न निघाले. हा कोणता रंग? किती ठोकळे झाले? यापेक्षा उंच कोणता? मोठ्या माणसाला लहान मुलाशी बोलण्याची दुसरी रीतच ठाऊक नसते की काय, कोण जाणे. 'तू निळा ठोकळा वर ठेवलास, आता तो हलतोय' इतके बोलून गप्प बसणे मला जमायला दोन आठवडे लागले. एकदा मी पुन्हा शिकवू लागलो तेव्हा त्याने मान वर न करताच सांगितले, "बाबा, तू नको बोलू, मी करतोय ना."

सूचना देण्याच्या बाबतीतही आमचेच चुकत होते. सकाळच्या घाईत मी दुसऱ्या खोलीतून ओरडत असे, "चल, आवर लवकर, बूट घाल, दप्तर घे, बाटली भरली का आईला विचार." या एका दमात चार कामे आहेत, आणि चार वर्षांच्या मुलाला पहिले काम करता करता उरलेली तीन डोक्यात धरून ठेवायची असतात. माहिती क्षणभर धरून ठेवण्याची ही क्षमता त्या वयात फार तोकडी असते. तो पहिल्या बुटाशी बसून राही आणि मी त्याला बेफिकीर ठरवी. आता त्याच्याजवळ जाऊन, गुडघ्यांवर बसून, खांद्याला हात लावून आणि त्याने पाहिल्याची खात्री करून आम्ही एकच गोष्ट सांगतो आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजतो. हे पाच आकडे फार लांब असतात. पूर्वी तिसऱ्या आकड्यालाच मी पुन्हा तेच, जरा चढ्या आवाजात सांगत असे आणि त्याने नुकती मनाशी जुळवलेली सूचना पुन्हा विस्कटत असे. शिवाय सूचना प्रश्नाच्या रूपात देणे मी सोडले. 'बूट घालतोस का?' असे विचारल्यावर तो 'नाही' म्हणे, आणि भाषेच्या दृष्टीने पाहता त्याचे उत्तर बिनचूक होते.

कौतुकाची पद्धतही बदलली. नुसत्या 'शाबास'ने आम्हाला नेमके काय आवडले ते त्याला कळत नाही. 'झाकण बसत नव्हतं, तरी तू तिसऱ्यांदा फिरवून पाहिलंस' असे म्हटले की कळते. अट एकच, की हे त्याचे काम थांबल्यावर म्हणायचे.

घरातील पसाऱ्याचा विचार आम्ही त्यानंतर केला. टोलेडो विद्यापीठात 2018 मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचा खेळ पाहिला गेला, तेव्हा सोळा खेळण्यांपेक्षा चारच खेळणी समोर असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. आम्ही खेळणी तीन खोक्यांत विभागली आणि दर आठवड्याला एकच खोके बाहेर ठेवू लागलो. जुनीच खेळणी त्याला नवी वाटतात, हा फायदा वेगळाच. भिंतीवरचे मुळाक्षरांचे, प्राण्यांचे आणि फळांचे तक्तेही उतरवले. तक्त्यांनी खच्चून भरलेल्या वर्गात बालवाडीच्या वयाच्या मुलांचा अधिक वेळ इकडेतिकडे पाहण्यात जातो, असे कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका प्रयोगात 2014 मध्ये दिसले होते. साखरेने मुले चेकाळतात हा समज मात्र चाचण्यांत टिकलेला नाही. गोड बंद करण्याचा घरातील ज्येष्ठांचा आग्रह आम्ही दातांच्या कारणासाठी मान्य केला. टीव्ही-मोबाइलच्या पडद्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा या वयासाठी दिवसाला एक तासाची आहे आणि कमी तितके बरे अशी तिची पुस्ती आहे. आमचा तास पूर्वी दोनचा होत असे, हे कबूल करतो.

सर्वांत मोठा आधार खेळाचा मिळाला, आणि तोही अपघाताने. केस कापताना तो दोन मिनिटे स्थिर बसत नसे. एकदा कंटाळून मी त्याला म्हणालो की तू किल्ल्याचा पहारेकरी आहेस आणि शत्रू झाडीतून पाहतो आहे. तो केस कापून होईपर्यंत हलला नाही. सोव्हिएत संशोधक मनुइलेन्को यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास नेमके हेच तपासले होते, असे मला नंतर समजले: नुसते 'स्थिर उभे राहा' असे सांगितलेल्या मुलांपेक्षा पहारेकऱ्याची भूमिका मिळालेली मुले अधिक काळ स्थिर उभी राहिली. 'थांब' हा शब्द मुलाला बाहेरून आवरू पाहतो, पण भूमिका मिळाली की आवर घालणारा तोच असतो. त्यानंतर आमच्याकडे पहारेकरी, पुतळा आणि झोपलेला सिंह यांची वर्णी वारंवार लागते.

डॉक्टरांकडे आम्ही गेलोच, आणि मुलाचे लक्ष लागत नाही असे वाटणाऱ्या प्रत्येक पालकाने ते करावे असे माझे मत आहे. बालरोगतज्ज्ञांनी लक्षाविषयी विचारण्याआधी कान तपासायला पाठवले. या वयात कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकू येणे कमी-जास्त होत राहते, आणि असे मूल हाकेला ओ देत नाही म्हणून दुर्लक्षी ठरते. तो घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, किती झोपतो, हे त्यांनी विचारले. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या डुलकीसह दिवसाला 10 ते 13 तास झोप हवी; अपुरी झोप झालेले मूल बऱ्याचदा मोठ्यांसारखे पेंगत नाही, उलट अधिकच धावपळ करते. काही सेकंद नजर शून्यात लागून हातातले काम मध्येच थांबते का, हाही प्रश्न होता, कारण एका प्रकारच्या अपस्माराचे झटके इतके शांत असतात की ते दिवास्वप्नासारखेच दिसतात. रक्तातील लोहही तपासले. आमच्या मुलाच्या बाबतीत यातले काही निघाले नाही. झोप मात्र तासभर कमी पडत होती.

एडीएचडीचा प्रश्न त्यांनी उघडाच ठेवला. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार निदानासाठी तपासणी चौथ्या वर्षापासून करता येते. मात्र शाळापूर्व वयात पहिला उपाय औषधाचा नसून पालकांच्या वर्तन-प्रशिक्षणाचा असतो आणि औषधाचा विचार त्याने पुरेसा फरक न पडल्यासच होतो. हे ऐकल्यावर मला हायसे वाटले आणि थोडे अपराधीही वाटले, कारण प्रशिक्षण पालकांचे, म्हणजे दोष पालकांचा, असा अर्थ माझ्या मनाने लगेच काढला. डॉक्टरांनी तो खोडून काढला. चष्मा लागलेल्या मुलासमोर फळा जवळ आणण्याने त्याचे डोळे बिघडले कोणामुळे हे ठरत नाही, असे त्या म्हणाल्या.

या गोष्टीला आता आठ महिने झाले आहेत. वर्गात बाईंनी त्याला गोष्टीच्या पुस्तकाची पाने उलटण्याचे काम दिले आहे आणि त्या कामासाठी तो बहुधा शेवटच्या पानापर्यंत बसतो. ज्या दिवशी ते काम दुसऱ्याला मिळते त्या दिवशी तो अजूनही उठून खिडकीशी जातो. रंगकामाची मर्यादा दोन मिनिटांवरून पाचवर आली आहे. साडेपाच वर्षांचा झाल्यावर पुन्हा तपासणी करायची असे ठरले आहे आणि तिचा निकाल काय लागेल ते मला सांगता येत नाही. वही आम्ही महिन्यातून एक आठवडा लिहितो. गेल्या खेपेस उजव्या रकान्यात माझे नाव तीनदा आले होते, आणि त्यातल्या एका वेळी तर मी केवळ वही कुठे आहे ते विचारत होतो.