बुडवली म्हणून वाचलेली बोट

१३ ऑक्टोबर २०२१, अष्टमी, रात्री

आज घरी यायला साडेनऊ झाले. परवा दसऱ्याला आमच्या साखर कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन, म्हणजे नव्या हंगामाची पहिली आग. ऑफ सीझनमध्ये ट्यूबा बदलून झाल्या, हायड्रॉलिक टेस्ट झाली, इन्स्पेक्टर साहेब बघून गेले. आता राहिलीत ती किरकोळ दिसणारी कामं. ड्रममध्ये कुणी पान्हा विसरलाय का, मॅनहोलचं पॅकिंग नीट बसलंय का. किरकोळ दिसतात म्हणूनच ती मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही.

परवा संचालकांपैकी कुणी जोडीनं पूजेला बसेल, नारळ फुटेल, पेपरात फोटो येईल. नंतर काही दिवस तीच आग मुद्दाम बारीक ठेवून भट्टीच्या विटा वाळवत बसणारी माणसं कुठल्या फोटोत नसतात. तक्रार नाही, आहे ते सांगतोय.

जेवताना थोरलीचा फोन आला. ती मिनियापोलिसला असते. म्हणाली, "बाबा, तुमची बोट अजून जमिनीवरच आहे बरं का."

माझी बोट म्हणजे मिन्नेहाहा. चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही दोघं लेकीकडं गेलो होतो, तेव्हा जावईबापूंनी विचारलं, बाबांना काय दाखवू? मॉल नको म्हटलं, धबधबा बघून झाला होता. तेव्हा लेकच म्हणाली, बाबांना वाफ दाखव. आमची बाई, म्हणजे बायको, हसून म्हणाली, झालं, आता अमेरिकेत येऊन पण बॉयलर बघणार! पण ती पण आली, आणि बोटीत खिडकीची जागा तिनंच धरली.

मिनियापोलिसच्या पश्चिमेला मिनेटोंका नावाचं मोठं तळं आहे, फाटे फुटलेलं, काठानं छोटी छोटी गावं असलेलं. १९०६ साली तिथल्या ट्राम कंपनीनं, ट्विन सिटी रॅपिड ट्रान्झिटनं, या तळ्यावर वाफेच्या सहा लाकडी बोटी सोडल्या. सत्तर फूट लांब, ट्रामचाच पिवळा रंग, बाकं आणि खिडक्याही ट्रामच्याच धाटणीच्या. कोमो, हॅरिएट, हॉपकिन्स, स्टिलवॉटर, व्हाइट बेअर आणि मिन्नेहाहा अशी त्यांची नावं. शहरातून ट्रामनं एक्सेलसिअरला यायचं, तिथं बोटीत बसायचं, आपल्या गावच्या धक्क्यावर उतरायचं. हौसेची बोट नव्हती ती. पाण्यावरची सिटी बस होती.

पुढं रस्ते झाले, मोटारी आल्या, बोटींचं गिऱ्हाईक आटलं. १९२६ साली कंपनीनं मिन्नेहाहा तळ्यात नेऊन बुडवली. अपघात नाही, वादळ नाही, जाणूनबुजून. नको झालेली वस्तू टाकायला तळं जवळ होतं.

आणि तिथंच ती वाचली! हे मला तेव्हा पटलं नव्हतं. मग तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकानं समजावून सांगितलं. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, तो गोड्या पाण्यात जगत नाही. तळाला थंडी, अंधार, हवा कमी, त्यामुळं कुजण्याचं काम फार सावकाश चालतं. १९७९ ला पाणबुड्यांना ती सापडली, १९८० ला वर काढली. बरीच वर्षं नुसती पडून होती. मग हौशी माणसांनी हाताशी घेतली आणि १९९६ ला पुन्हा प्रवासी भरून तळ्यावर निघाली. १९२६ ते १९९६, सत्तर वर्षांचा खाडा.

माझे आजोबा जुन्या गिरणीत बॉयलरवर होते. जुनी गिरणी १८७७ ची, सोलापुरातली पहिली. आजोबांच्या हाताखालच्या बॉयलरचं पुढं काय झालं ते आमच्या घरात कुणाला माहीत नाही. वजनावर गेला असणार. सिद्धेश्वर तळ्यात ढकलला असता तर निदान आज शोधायला जागा तरी ठाऊक असती. हे मी बाईला म्हटलं तर ती म्हणाली, देवाच्या तळ्यात घाण टाकायची भाषा करू नका. बरोबर आहे तिचं.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. पाइप रेंच, पान्हे, गेज ग्लासची (बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेची) किल्ली, सगळ्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. पूजा झाल्यावर काम नाही, त्यामुळं पोरं गोल करून बसली होती. आमच्यात यंदा एक नवा फायरमन, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणारा, आलाय, चुणचुणीत आहे. म्हणाला, "मालक, बोटीवर बॉयलर म्हणजे केवढासा असणार? आपल्यापुढं खेळणंच की."

खेळणं आहेच, आकारानं. आमच्या एका ड्रममध्ये माणूस रांगत जातो. पण केवढासा म्हणून पाणी काचेत खाली गेलं की तो माफ करत नाही. उलट लहान बॉयलरमध्ये पाणी मुळात थोडं, म्हणून पातळी पटकन उतरते. नजर काढायला फुरसत कमी. त्याला म्हटलं, मोठ्याशी चुकलास तर बाकीचे ओरडायला वेळ असतो, लहानाशी चुकलास तर तेवढाही नसतो.

मग त्याला सगळं क्रमानं सांगत बसलो, आणि सांगता सांगता माझंच डोकं त्या बोटीवर गेलं. म्हणून आज लिहून ठेवतोय.

लाकडी बोटीवर सकाळी आल्या आल्या बॉयलर बघायचा नाही. आधी आतलं तळाचं झाकण उघडून बघायचं रात्रीत पाणी किती आलंय. लाकडी बोट थोडी झिरपतेच. रोज तेवढंच येत असेल तर काळजी नाही, आज एकाएकी जास्त आलं तर थांबायचं. हिवाळाभर बोट बाहेर सुकते, फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात. वसंतात पाण्यात सोडली की सुरुवातीला पाणी आत येतं, पंप चालू ठेवायचे, आणि फळ्या पाणी पिऊन फुगल्या की सांधे आपोआप बंद. उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं ओढ्यात टाकून ठेवतात तसलंच गणित. फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठोकून बसवलेली असते, वरून पुटी. ते ऐकून मी म्हटलं, कापूस काय, आमच्या गावाला सांगायचं होतं, वातीच काय चादरी पाठवल्या असत्या.

मग बॉयलर. काचेत पाणी बघायचं, आणि नुसतं बघायचं नाही. खालचा कॉक उघडून काच रिकामी करायची, बंद केल्यावर पाणी टुणकन वर आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर वाट चोंदलीय, आणि काच जे दाखवतेय ते खोटं आहे. ही सवय जिथं जिथं वाफ आहे तिथं सारखीच. मिनेटोंकावर असो नाहीतर आमच्या कारखान्यात.

आग सावकाश. गार लोखंडाला एकदम तापवलं तर एक भाग ताणतो, दुसरा गारच राहतो, आणि ट्यूबांच्या टोकांना गळती लागते. म्हणून प्रवासी यायच्या कितीतरी तास आधी माणसं तिथं आलेली असतात. तेवढ्यात इंजिनाला तेल. एकेक कप, एकेक बेअरिंग. प्रेशर चढायला लागलं की सिलिंडरचे ड्रेन कॉक, म्हणजे साचलेलं पाणी सोडायच्या तोट्या, उघडे ठेवून थोडी थोडी वाफ सोडायची, इंजिन गरम होऊ द्यायचं. गार सिलिंडरात वाफेचं पाणी होतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि मध्ये पाणी सापडलं तर झाकण उडतं. आमच्याकडं टर्बाइनच्या लाइनला हेच भय. आधी ड्रेन, मग वाफ.

इंजिन तीन सिलिंडरांचं, ट्रिपल एक्स्पान्शन. एकच वाफ आधी लहान सिलिंडरात, तिथून दमून मधल्यात, तिथून मोठ्यात. दाब कमी होत जातो म्हणून सिलिंडर मोठा होत जातो. शेवटी उरलेली वाफ कंडेन्सरमध्ये, तिथं तळ्याचं गार पाणी तिला पुन्हा पाणी करतं, आणि तेच पाणी परत बॉयलरला.

आता इथं आमचा आणि बोटवाल्यांचा धंदा अगदी जवळ येतो. साखर कारखान्यातही रस आटवताना जे वाफेचं पाणी निघतं ते आम्ही बॉयलरला देतो. या भागातल्या जड पाण्यानं ट्यूबांना क्षाराचा थर धरतो, त्यापेक्षा हे पाणी सोन्यासारखं. पण त्यात साखर उतरली तर घात. म्हणून लॅबवाले सतत अल्फा नॅफ्थॉल टाकून बघत असतात, रंग जांभळा आला की पाणी ताबडतोब बाहेर. बोटीत साखरेऐवजी तेल. सिलिंडरमधलं तेल वाफेबरोबर वाहत येतं आणि बॉयलरमध्ये गेलं तर ट्यूबांवर पापुद्रा धरून बसतं. मग ते गाळायचं कसं? जुन्या जहाजांवर गाळायला काय वापरत सांगू? घोसाळ्याची जाळी! आपण अंग घासतो तीच, वाळलेली. तेल धरून ठेवायला तिच्यासारखं काही नाही. तिथल्या स्वयंसेवकानं हे सांगितलं तेव्हा मी जावईबापूंना म्हटलं, ह्यांना सांगा, आमच्या परसात लागतात. जावईबापूंनी किती भाषांतर केलं देव जाणे, पण म्हातारा माझ्या पाठीवर थाप मारून हसला.

चालवायची गंमत वेगळी. कॅप्टन पुढं सुकाणूवर, इंजिनवाला मागं. अशा बोटींवर दोघांचं बोलणं घंटीनं. बोट उभी असताना एक टोल म्हणजे पुढं चल. बोट चालत असताना तोच एक टोल म्हणजे थांब. दोन टोल म्हणजे मागं. किणकिण वाजली की पूर्ण वेग. म्हणजे आपण आत्ता चालतोय की उभे आहोत हे इंजिनवाल्याला झोपेतसुद्धा ठाऊक पाहिजे. आणि बोटीला ब्रेक नसतो. धक्का जवळ आला की इंजिन उलटं फिरवून तिला थांबवायची, अंदाजानं, कारण मागच्या माणसाला धक्का दिसतच नाही. मला हे सगळ्यात आवडलं. दिसत नाही, तरी दुसऱ्याच्या टोलावर विश्वास ठेवून हात चालवायचा. आमच्या मिल हाउसमधून, जिथं ऊस गाळतात तिथून, स्टीम मागतात तेव्हा तिथं काय चाललंय ते मलाही दिसत नाही.

आवाजाचं एक राहिलंच. डिझेल बोटीत बोलायचं तर ओरडावं लागतं. वाफेच्या बोटीत माणसं हळू बोलतात आणि ऐकू येतं. बाई शेजारच्या एका आजीबाईंशी खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत नातवंडांबद्दल बोलत होती. मध्येच इंजिनाचा दम ऐकू येत होता.

१६ ऑक्टोबर

अग्निप्रदीपन पार पडलं. आग बारीक आहे, विटा घाम सोडतायत. नव्या फायरमनला आज काच रिकामी करून बघायला लावली, न सांगता दुसऱ्यांदा त्यानं स्वतःहून केली. मास्कमुळं त्याचं तोंड दिसलं नाही, पण खुश असावा.

दुपारी लेकीला फोन केला. बोटीचं नीट विचारून घेतलं. २०१९ मध्ये झालं असं, की जिथून बोट पाण्यात उतरवायचे तो उतार वापरायला मिळेनासा झाला. बोट धड, माणसं तयार, पण एवढं लांब धूड तळ्यात न्यायला वाटच नाही. पाण्यावरची वस्तू जमिनीपायी अडलीय. लेकीचं मत, आता म्युझियममध्ये ठेवावी, सावलीत, लोक येऊन बघतील, काय वाईट? मी म्हटलं, तुझ्या आजीची शिवणाची मशीन तू शोकेसमध्ये ठेवलीस, त्या मशीनचं चाक आता फिरतं का? ती गप्प बसली, मग म्हणाली, बाबा, ते वेगळं. मला वेगळं वाटत नाही. उभ्या इंजिनाची माहिती फलकावर मावते, चालत्या इंजिनाची मावत नाही. ड्रेन कॉक कधी बंद करायचा हे आवाजावरून कळतं, आणि तो आवाज ज्यांच्या कानात आहे ती माणसं तिथंही साठी-सत्तरीचीच होती.

तरी तिचं एक म्हणणं खरं आहे. चालवायची म्हटलं तर खर्च, विमा, सर्टिफिकेट, दर वर्षी लाकडाची डागडुजी. आणि लाकडाचा उलटा प्रकार असा, की चौपन्न वर्षं पाण्याखाली टिकलं ते, आणि आता कोरड्यात त्याची काळजी. फळ्या जास्त दिवस सुकल्या तर आकसणं नुसतं सांध्यापुरतं राहत नाही, चिरा जातात. तशी चीर एकदा पडली की पाणी पिऊन मिटत नाही.

जावईबापूंना काम लावलंय. तिथल्या लोकांना तीन गोष्टी विचारायच्या. फळ्यांना ओल कशी देताय. बॉयलर ओला, म्हणजे पाणी भरून, ठेवलाय की कोरडा, आणि कोरडा असेल तर आत चुन्याच्या परातीसारखं ओल शोषायला काय ठेवलंय, ते बदलतं कोण. आणि इंजिन महिन्यातून एकदा हातानं तरी फिरवता का. ते म्हणाले, बाबा, मी आयटीतला माणूस, मला यातलं काय कळणार. म्हटलं, कळायची गरज नाही, उत्तर जसंच्या तसं लिहून पाठवा. रविवारी जातो म्हणालेत.