तुमचं कोण आहे आत?

"तुमचं कोण आहे आत?"

ठाणे कारागृहाच्या भिंतीकडे मान वर करून बघत होते, तेव्हा शेजारच्या मावशींनी विचारलं. हातात कापडी पिशवी, भेटीसाठी आलेल्या.

"कोणी नाही. जुन्या वास्तू बघत फिरतेय."

"बघायला आलात?" एवढंच म्हणाल्या आणि फाटकाकडे बघत राहिल्या.

सकाळी तलावपाळीवरून एकटीच चालत निघाले होते. कोपिनेश्वर मंदिर, टेंभी नाक्याचं १८७९ चं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि शेवटी हा किल्ला. हो, किल्लाच. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. आजही तुरुंगच आहे. रिक्षातून इथून कितीदा गेले असेन, उतरले कधीच नाही.

याच भिंतींच्या आत १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. कान्हेरे तर अठरा वर्षांचे. माझा भाचा आत्ता तेवढाच आहे.

मावशींचा प्रश्न रात्रीपर्यंत डोक्यातून जाईना. "कोणी नाही" असं मी इतक्या पटकन कसं म्हणाले?