ऐच्छिक, पण अहवालासह

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०१४

दरवर्षी शिक्षकदिन म्हणजे दहावीच्या मुलींचा दिवस. आयांच्या साड्या नेसून, केसांत गजरे माळून त्या पाचवी-सहावीवर असा काही दरारा बसवतात की आम्हीही बिचकून राहावं. यंदा मात्र सगळं तीनच्या आत उरकायचं होतं. तीन ते पावणेपाच पंतप्रधान मोदी बोलणार, देशभरातल्या शाळांनी ऐकायचं. त्यामुळे मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास कापले, आणि आजची 'मुख्याध्यापिका' हेडसरांकडे तक्रार घेऊन गेली की माझा तास घ्यायचाच राहिला. सर म्हणाले, "बाळा, माझाही राहिलाय."

आठवडाभर शिक्षकखोलीत दुसरा विषयच नव्हता. शिक्षकदिनाचं 'गुरु उत्सव' केलं म्हणून तिकडे तामिळनाडूत करुणानिधी, वायको हे तिथले पुढारी भडकले. ते फक्त निबंधस्पर्धेचं नाव आहे, असा खुलासा केंद्रातल्या शिक्षणखात्याच्या मंत्री स्मृती इराणींना करावा लागला. पश्चिम बंगालने इतक्या कमी वेळात सोय होणार नाही म्हणून हात वर केले. आमच्याकडे विधानसभा तोंडावर, आचारसंहिता आज लागते की उद्या, त्यामुळे प्रत्येक वाक्याला पक्षाचा वास. इतिहासाचे सर म्हणाले, हा सरळ प्रचार आहे, आज शिक्षण म्हणतील, उद्या मतं मागतील. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, देशाचा पंतप्रधान मुलांशी बोलतोय, त्यात पोटात दुखण्यासारखं काय आहे? दोघांचे आवाज इतके चढले की शिपाईमामांनी येऊन दार लावून घेतलं.

मला दोघांचंही पूर्ण पटलं नाही. पंतप्रधानांनी मुलांशी बोलावं, जरूर बोलावं. कलाम राष्ट्रपती असताना सारखे मुलांत असायचे, त्यांच्याकडून शपथा म्हणून घ्यायचे, तेव्हा कुणी हरकत घेतल्याचं मला तरी आठवत नाही. राष्ट्रपती आणि निवडणूक जिंकून आलेला पक्षनेता यांत फरक आहे, हे मान्य. पण तासा-दीड तासाच्या भाषणाने मुलांची मनं फिरतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या नववी 'ब'ला सलग दीड तास काहीही ऐकवून दाखवावं.

माझी हरकत वेगळीच आहे. मंत्रीबाईंनी सांगितलं की कार्यक्रम ऐच्छिक आहे, सक्ती नाही. दिल्लीत ते ऐच्छिक असेलही. तो शब्द पायऱ्या उतरत उतरत आमच्या शाळेपर्यंत पोचला तेव्हा त्याच्यासोबत एक तक्ता होता: टीव्ही आहे का, नसल्यास रेडिओ, वीज नसल्यास जनरेटर, किती विद्यार्थ्यांनी पाहिलं, वर्गवार. आता ज्या गोष्टीचा वर्गवार आकडा मागवलाय ती ऐच्छिक म्हणून सोडून द्यायला कोण मुख्याध्यापक धजेल? आणि हे काही या सरकारचंच नाही. वृक्षारोपण असो की हात धुण्याचा दिवस, गेली कित्येक वर्षं आमच्याकडे प्रत्येक ऐच्छिक गोष्ट अहवालासहच येते. कुठलाही पक्ष असता तरी हेच झालं असतं. इतिहासाच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुम्ही कुंपणावर बसता. बसते, बसते.

अमेरिकेत ओबामांचं असंच झालं होतं, ८ सप्टेंबर २००९ला. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या वेकफिल्ड हायस्कूलमधून ते देशभरातल्या मुलांशी बोलले. त्याआधी किती गहजब! मुलांना समाजवाद शिकवणार म्हणून फ्लोरिडातले विरोधी रिपब्लिकन पक्षाचे पुढारी ओरडले. शिक्षणखात्याने शिक्षकांसाठी काढलेल्या टिपणात 'राष्ट्राध्यक्षांना मदत करण्यासाठी मी काय करू शकतो' असं मुलांनी लिहावं, अशी सूचना होती. ती अंगाशी आली आणि बदलावी लागली. शेवटी भाषण आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं. निघालं काय, तर अभ्यास करा, शाळा सोडू नका, आणि इंडोनेशियात असताना आई पहाटे साडेचारला उठवून शिकवायची ती आठवण. मजा म्हणजे १९९१ साली रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरले बुश वॉशिंग्टनच्या शाळेतून असेच बोलले होते, तेव्हा ओबामांच्याच पक्षाच्या डेमोक्रॅटांनी खर्चाचा हिशेब मागितला होता. म्हणजे बोलणारा कोण ते बघून तत्त्व ठरवायचं, हे तिकडेही आहे. एक मात्र आहे. टेक्सासमधला माझा मावसभाऊ तेव्हा सांगत होता की मुलीच्या शाळेतून घरी चिठ्ठी आली होती, मुलीने भाषण ऐकू नये असं वाटत असेल तर कळवा. त्याने काही कळवलं नाही. पण त्याला विचारलं गेलं. आमच्या दीड-दोनशे पालकांपैकी एकालाही कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याला विचारावं असं त्यांनाही वाटलं नसेल.

असो. दुपारी हॉलमध्ये टीव्ही लावला, आवाज पुरेना. मामांनी गणेश मंडळाचे स्पीकर उचलून आणले. आरतीची वेळ सातची, तोवर परत द्यायच्या बोलीवर. तीनला सगळी पोरं मांडी घालून बसली. मंडपातल्या स्पीकरमधून दिल्लीच्या माणेकशॉ सभागृहाचा आवाज यायला लागला, आणि मधूनच घुंई घुंई.

सुरुवातीला पोरं चुळबुळली, हिंदी जरा जडच जातं. मग जपानच्या शाळेची गोष्ट निघाली, तिथे शिक्षक आणि मुलं मिळून शाळा झाडतात. आमच्याकडची पोरं रोजच झाडतात, ती एकमेकांकडे बघायला लागली. खरा हॉल जागा झाला तो मोदींनी लहानपणच्या खोड्या सांगितल्या तेव्हा. लग्नात सनईवाल्यांना चिंच दाखवायची, म्हणजे तोंडाला पाणी सुटून त्यांची सनई बंद. आणि उभ्या माणसांचे कपडे एकमेकांना स्टेपल करायचे. हे तुम्ही करू नका, असंही ते म्हणाले, पण एवढं ऐकायला कोण थांबतंय? पंधरा मिनिटांत मागून किंकाळी. दोन साडीवाल्या 'बाईं'चे पदर एकमेकांना स्टेपल झालेले, आणि ऑफिसमधला स्टेपलर आठवीच्या एका दिवट्याच्या खिशात. त्यातली एक साडी आईची शालूची. मी पिना काढेपर्यंत पोरगी रडवेली झाली होती.

मुलांचे प्रश्न चांगले होते. इम्फाळच्या मुलाने विचारलं, पंतप्रधान कसं व्हायचं? मोदी म्हणाले, २०२४च्या निवडणुकीची तयारी कर, म्हणजे तोवर मला धोका नाही. हॉलमध्ये हशा. इतिहासाचे सरसुद्धा हसले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. दंतेवाड्याच्या मुलीने मुलींच्या शिक्षणाबद्दल विचारलं. तो प्रश्न सगळ्यात खरा. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांनी आठवड्यातून एखादा तास शाळेत शिकवावा, असं आवाहनही झालं. आवडलं. आमच्याकडे गणिताची जागा दीड वर्ष रिकामी आहे, गावात एक डॉक्टर आहेत. विचारून बघायला हवं.

पावणेपाचला वाडीवरच्या पोरांना एसटीसाठी पळायची घाई, तेवढ्यात सातवीतल्या एकीने विचारलं, "बाई, आपल्याला का नाही विचारू दिला प्रश्न?" म्हटलं, लिहून द्या. वहीची पानं फाडून बारा-पंधरा जणांनी दिले. सगळे वाचले. बरेचसे 'तुम्हाला कुठला खेळ आवडतो' छापाचे. एकाने स्टेपलरबद्दल माफी मागितली आहे, तीही थेट पंतप्रधानांकडे. एकीने लिहिलंय, "प्रत्येक शाळेत मुलींना संडास बांधणार असं तुम्ही पंधरा ऑगस्टला म्हणालात. आमच्या शाळेत बांधलेला आहे. त्यात पाणी नाही. ते कोणत्या दिवशी सांगणार?"

हेडसरांना म्हटलं, आकड्यांच्या तक्त्यासोबत हेही पाठवू या. ते बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "जावक नंबर कशावर टाकायचा, बाई? तक्त्यात याला रकाना नाही." उद्या सकाळची शाळा आहे. कागद माझ्या पर्समध्येच आहेत, उद्या परत विषय काढते.