सात ठिपके मोजताना

झुरळं पाळते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतो, मग स्वतःच्या पायांखाली. म्हणून हल्ली बाहेर मी 'किडे पाळते' एवढंच म्हणते. घरात मात्र लपवायची सोय नव्हती. डबा ठेवायला सावलीची, हवेशीर जागा एकच होती, मागची खोली. तिथे सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या आहेत.

आम्ही बेळगावचे. माझं आजोळ चंदगड तालुक्यात, मामाची काजूची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये, मृगाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर मी तिथे गेले होते. संध्याकाळी काजूखालच्या पाचोळ्यावरून एक काळाकुळकुळीत, गोलसर किडा लगबगीनं चालला होता. अंगावर मोठे पांढरे ठिपके, अगदी डॉमिनोची सोंगटी. मी फोटो काढला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला पाठवला, तिचं उत्तर आलं, 'झुरळ आहे.' मला वाटलं चेष्टा करते.

चेष्टा नव्हती. थेरिया पेटिव्हेरियाना हे त्याचं शास्त्रीय नाव. दक्षिण भारतातल्या झुडपी रानांतलं, पाचोळ्यात राहणारं झुरळ. जेम्स पेटिव्हर नावाचा लंडनचा एक औषधविक्रेता होता, त्याला मद्रासहून किडे आणि वनस्पतींचे नमुने यायचे. लिनियसनं १७५८ मध्ये या किड्याला पेटिव्हरचं नाव दिलं, पण घातलं कासव-भुंगेऱ्यांच्या गटात. म्हणजे ज्यानं सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून दिली त्यालाही हे झुरळ वाटलं नव्हतं. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण पुढच्याच आठवड्यात मी नेमकी उलटी चूक केली.

पुढच्या रविवारी डबा घेऊन गेले. बांधाच्या कडेला काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा किडा दिसला. मागच्यापेक्षा बराच मोठा, पण म्हटलं मादी असेल. झडप घालून धरला. त्यानं मागून पिचकारी मारली. बोटांना चरचरलं, आणि मी शहाणी, त्याच हातानं डोळा पुसला. मामानं विहिरीवर नेऊन पंधरा मिनिटं डोळ्यावर पाणी मारलं. तो सहा ठिपक्यांचा भुंगेरा होता, फॉर्मिक ॲसिड उडवणारा. आमचं झुरळ त्याच्यासारखं दिसून स्वतःचा बचाव करतं असं मानतात. नक्कल इतकी चांगली की मी खऱ्यालाच नकली समजले. मामा म्हणाला, "शहरात झुरळं कमी पडली व्हय गं तुला?"

तेव्हापासून आधी मोजते. सहा असतील तर हात लावायचा नाही, सात असतील तर आपलं. नीट बघितलं तर डाव्या पंखावर चार आणि उजव्यावर तीन असतात, कारण डावा पंख उजव्यावर चढलेला असतो. दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे एकदा डोळ्यात बसलं की लांबूनही ओळखता येतं.

शोधायला भर दुपारी जाऊन उपयोग नाही. उन्हात ती पाचोळ्याखाली किंवा भुसभुशीत मातीत शिरून बसतात. पावसानं उघडीप दिली, साडेपाच-सहा वाजले, की वर येतात. मी काठीनं उकरत बसले नाही, नुसती पायवाटेच्या कडेला बसून राहिले. दोन संध्याकाळी मिळून सहा मिळाली, दोन गोल थोराड माद्या आणि चार नर. एवढीच आणली. जागा मामाच्या मालकीची, म्हणून आणली. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून किडासुद्धा उचलून आणायचा नसतो, आणि इथला जीव परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवणं तर आणखीच मोठं लफडं. युरोप-अमेरिकेत हौशी लोक हेच झुरळ विकत घेऊन पाळतात आणि आपल्याकडे त्याला धड मराठी नावही नाही, याची मला थोडी गंमत वाटते आणि थोडा रागही येतो.

येताना एसटीत मांडीवर स्टीलचा डबा, झाकणाला भोकं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय आहे ओ त्यात?" मी म्हटलं, "काजूचं बी." भोकं कशाला, हे त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

आता चुका. पहिली म्हणजे डबा. मी दहा लिटरचा पारदर्शक डबा घेतला, खाली चार बोटं माती, वर पाचोळा, आणि झाकण गच्च लावलं, सुटतील म्हणून. जुलैतलं बेळगाव. बाहेर आठ दिवस सूर्य नाही आणि आत हवा नाही. चौथ्या दिवशी पाचोळ्यावर कापसासारखी बुरशी आणि एक नर उताणा. घाबरून झाकण काढलं, पंख्याखाली ठेवलं, तर आठवड्यात माती विटेसारखी. तेही चालत नाही, ओल गेली की ती सुस्तावतात. शेवटी प्रमाण स्वयंपाकघरातूनच सापडलं. रव्याचा लाडू वळताना मिश्रण मुठीत दाबलं की गोळा होतो आणि हाताला पाणी सुटत नाही, तेवढी ओल. डब्याच्या एका टोकाला तशी ठेवायची, दुसरं टोक कोरडंसर. त्यांची जागा ती निवडतात. झाकणाचा मधला भाग कापून तिथे मच्छरदाणीची दुहेरी जाळी चिकटवली, तेव्हा कुठे हवा खेळायला लागली.

माती म्हणजे कुंड्यांतली पोयटा माती, थोडं कोकोपीट, बोटानं चुरा होईल असं कुजकं लाकूड, आणि बाकी सगळा पाचोळा. आमच्या गल्लीच्या टोकाला उंबर आहे, त्याची जुनी, तपकिरी, जाळीदार झालेली पानं सगळ्यात चांगली. पिल्लं मोठी होतात ती हाच पाचोळा खाऊन. औषध फवारलेल्या बागेतली पानं मात्र अजिबात नाहीत. बाहेरची पानं आणली की त्यांवर उकळतं पाणी ओतून वाळवते, नाहीतर पानांबरोबर गोम येते. एकदा न उकळता मूठभर टाकली तर त्यातून तीळाहून बारीक पांढरे, उड्या मारणारे स्प्रिंगटेल आले. ते मात्र वरदान ठरले. बुरशी खातात, आणि तेव्हापासून डब्यात कापूस दिसला नाही. वरून कधी काकडीची चकती, गाजर, माशांचं खाद्य दोन-चार दाणे. उरलेलं दुसऱ्या सकाळी काढायचं. खरं सांगायचं तर मी झुरळं पाळतच नाही. मी ओला पाचोळा पाळते. तो नीट सांभाळला की झुरळांचं झुरळं बघतात.

मग मुंग्या आल्या. ऑगस्टमधल्या एका रात्री जाळीच्या कडेनं रांग लागली. सकाळी पाहते तर एका नराचे नुसते पंख उरलेले. नवऱ्यानं प्रेमानं डब्याभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ मारून दिली. संध्याकाळी एक मादी पाठीवर, पाय हलवत. ज्या भुकटीनं मुंगी मरते त्यानं झुरळही मरतंच, खोक्यावर त्याचं चित्रसुद्धा असतं. हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मादी वाचली नाही. मी रडले नाही, पण जेवलेही नाही.

सासूबाई तोवर या प्रकरणाकडे पाठ करून होत्या. मी आधी त्यांना पटवायचा प्रयत्न केला होता. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, माणसाच्या घराशी संबंध येतो तो जेमतेम तीसेक जातींचा, बाकीची रानात पाचोळा कुजवायचं काम करतात. शिवाय वाळवीसुद्धा आता झुरळांच्याच गणात धरतात. हे शेवटचं बोलायला नको होतं. "म्हणजे चौकटीला लागली ती तूच आणलीस होय?" असं म्हणून त्या उठून गेल्या.

पण मी न जेवता उठले त्या रात्री त्या मागच्या खोलीत आल्या, हातात चार जुन्या स्टीलच्या वाट्या. "आमच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्यात असायचे. फ्रीज नव्हता तेव्हा दूध-तूप असंच राखलं आम्ही." डबा एका चौरंगावर ठेवला, चौरंगाचे पाय वाट्यांत, वाट्यांत पाणी. त्या दिवसापासून एक मुंगी डब्यात गेलेली नाही. चौरंग देवघरातला होता, तो नंतर परत मागितला नाही.

उरलेली मादी जुलैपासूनच अंडी टाकत होती. या जातीत अंडी एकेकटी नसतात, कोशात असतात, आणि मादी तो कोश मातीत सोडून देते. मी तो शोधायला माती चाळायला घेतली. चाळण कुठली, हे विचारू नका. (पिठाची. नंतर नवी आणून दिली.) पहिले दोनदा मी कोश खडा समजून टाकून दिले असणार. तिसऱ्या वेळी एक तळहातावर घेतला. धन्याची डाळ असते ना, फोडलेल्या धन्याची अर्धी फाक, तेवढा आणि तसाच तपकिरी, बाकदार. बाकाच्या एका कडेला करवतीसारखे बारीक दाते. बियाणं म्हणून कुणीही पेरून टाकेल. असे अकरा निघाले. पुन्हा ओल्या बाजूला बोटभर खोल पुरले.

सप्टेंबरच्या शेवटी पाण्याचा फवारा मारताना मातीचा एक कण चालला. नीट पाहिलं तर सहा पाय होते. पिल्लं काळी-पांढरी नसतात. तपकिरी, मातकट, अंगाला धूळ माखलेली, आणि उजेड पडला की क्षणात मातीत गडप. मोजायचा नाद लगेच सोडला.

दिवाळीपर्यंत मोठी सगळी गेली. पंख फुटल्यावर त्यांचं आयुष्य काही महिन्यांचंच, हे माहीत होतं, तरी डबा रिकामा दिसायला लागला. त्यानंतरचे महिने सांगण्यासारखं काहीच नाही. मी रोज सकाळी एका मातीच्या डब्यावर पाणी शिंपडत होते आणि पाहुण्यांना त्यात काहीच दिसत नव्हतं. डिसेंबरच्या थंडीत वरचा पाचोळा कमी होईना. म्हणजे खाणं थांबलं, कदाचित सगळी मेलीसुद्धा. चौरंग फ्रीजच्या मागच्या उबेला सरकवला. फेब्रुवारीत पानं पुन्हा चाळणीसारखी व्हायला लागली. नवरा म्हणाला, "निदान शेणखत तरी चांगलं होतंय." त्यात शेण नाही, हे मी त्याला सांगितलं. या छंदात उतरू पाहणाऱ्यानं या महिन्यांची तयारी ठेवावी. खूप जण इथेच डबा उपडा करून बघतात आणि कात टाकायला मातीत पोकळी करून बसलेली पिल्लं मोडतात. मीही मार्चमध्ये एकदा हात घातला होता. काढून घेतला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसात असताना सासूबाईंचा फोन आला. साहेब समोर होते, तरी उचलला, कारण त्या दुपारी कधी फोन करत नाहीत.

"अगं, तुझ्या डब्यात एक पांढरंफटक पडलंय. हलत नाही. मेलं वाटतं."

मी म्हटलं, "आई, हात लावू नका. कात टाकली असेल. ताजं असतं तेव्हा पांढरंच असतं, हळूहळू रंग भरतो."

"किती वेळ लागतो?"

"दोन-चार तास तरी."

फोन ठेवला. जीएसटीच्या कागदांत माझं लक्ष नव्हतं. साडेचारला पुन्हा फोन. मागे कुकरची शिट्टी नाही, टीव्हीही नाही. म्हणजे त्या मागच्या खोलीतच, चौरंगाजवळ बसून होत्या.

"काळं झालं गं," त्या म्हणाल्या. "डावीकडे चार, उजवीकडे तीन. दोनदा मोजले."