तुम्ही विचारलंत म्हणून : तिन्हींतली भारी कोणती?

गाडीवेडा कुणी भेटला आणि माझ्याकडच्या गाड्यांचा विषय निघाला की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. "तिन्ही चालवल्यात ना तुम्ही, मग भारी कोणती?" तिन्ही म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, सुरुवातीच्या वर्षांतली होंडा एस २००० आणि पोर्शे ९११, तीही ९९६ पिढीतली. पूर्वी मी आकडे सांगून मोकळा व्हायचो. आता उलट विचारतो: वेगात वळण घेताना मध्येच घाबरून एक्सलरेटरवरून पाय उचललात, तर गाडीने काय करावं असं तुम्हाला वाटतं?

लोक जरा गोंधळतात. पण माझ्या लेखी गाडीचा खरा स्वभाव त्या एका क्षणात कळतो. सरळ रस्त्यावर पळायला काय, सगळ्याच पळतात.

पाय उचलला की गाडीचं वजन पुढच्या चाकांकडे झुकतं. मागच्या टायरवरचा भार हलका होतो, तशी त्यांची पकडही कमी होते. हे कुठल्याही गाडीत होतं. किती होतं, किती झटक्यात होतं आणि आधी सूचना मिळते का, इथेच तिघींच्या वाटा वेगळ्या होतात.

माझदा सूचना देते. खरं तर बडबडच करते. १९८९ सालचं हे डिझाइन, १.६ लिटरचं इंजिन, ताकद जेमतेम ११५ हॉर्सपॉवर आणि वजन हजार किलोच्या आत. स्प्रिंगा मऊ असल्यामुळे वळणात ती चांगलीच कलते. पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं, आता उलटणार. पण ते कलणं हीच तिची भाषा आहे: किती पकड वापरली, किती उरली, हे कमरेला कळत राहतं. पाय उचला, नाक किंचित आत वळतं, मागचा भाग हलकेच बाहेर सरकतो आणि तुम्हाला विचार करायला चक्क वेळ मिळतो. माझदाचे इंजिनिअर याला 'जिनबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. जाहिरातीतल्या शब्दांवर माझा एरवी विश्वास नसतो, इथे आहे.

होंडाने मला गिरकी खायला लावली असं मी बरीच वर्षं सांगायचो. खरं सांगायचं तर ती गिरकी माझ्या पायाने खाल्ली. दोन लिटरमधून २४० हॉर्सपॉवर काढणारं ते इंजिन टर्बोशिवाय ९००० आरपीएमपर्यंत चढतं. सहा हजारांच्या आसपास व्हीटेकचा (वरच्या आरपीएमला इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) दुसरा कॅम लागला की आवाजच बदलतो आणि माणूस त्या नादात राहतो. मीही राहिलो. ट्रॅकवर गार सकाळ होती, मागचे टायर जुने झालेले. तिसऱ्या गिअरमधल्या लांब वळणात आरपीएम सात हजारांच्या वर असताना मला वाटलं, जरा जास्तच झालं, आणि मी पाय काढला. इतक्या वरच्या आरपीएमला नुसता पाय काढणं म्हणजे मागच्या चाकांना ब्रेक लावण्यासारखंच. त्यात सुरुवातीच्या एस २०००मध्ये सस्पेन्शन खालीवर झालं की मागच्या चाकांची दिशाही थोडी बदलायची. २००४च्या सुमारास कंपनीने ते सौम्य केलं. स्टिअरिंगला विजेची मदत असल्याने पुढच्या टायरची खबर हाताला जरा पुसटच येते. गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल तर नाहीच. पुढच्याच क्षणी मी आलेल्या वाटेकडे तोंड करून उभा होतो, इंजिन बंद. गाडीला ओरखडा नाही, माझ्या गुडघ्यांना मात्र बराच वेळ कंप.

पोर्शेबद्दल सगळ्यात जास्त भीती ऐकून होतो. इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे, म्हणजे एकूण वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त वाटा मागच्या चाकांवर. काठीच्या टोकाला दगड बांधून फिरवून पाहा: फिरायला लागायला वेळ लागतो, पण एकदा फिरली की थांबवणं अवघड. ९११चं शेपूट तसंच आहे, म्हणून वळणात पाय उचलणं हे तिच्याशी सगळ्यात मोठं वैर. फक्त होंडासारखी ती गाफील पकडत नाही. नाक हलकं असल्याने खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग हातात सतत जड-हलकं होत राहतं, आणि कोणत्या टायरवर किती भार आहे ते तळहाताला समजतं. तिची एक शिस्त आहे. ब्रेक सरळ रेषेतच उरकायचा, तो अलगद सोडत, नाकावर वजन असतानाच वळायचं आणि मग लवकर, पण हळूहळू एक्सलरेटर द्यायचा. तेच मागचं वजन आता टायर रस्त्यात रोवतं आणि ती वळणातून जशी बाहेर पडते तशी बाकी दोघी पडत नाहीत. एक्सलरेटरची घाई केली तर नाक सरळ जाऊ पाहतं. तेव्हा पाय थोडासाच कमी करायचा. 'थोडासा' म्हणजे किती, हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

लोटस एलिसबद्दलही विचारतात. ती माझी कधी नव्हती, एक दुपार चालवली एवढंच. इंजिन मधोमध, पॉवर स्टिअरिंग नाही. वळते मात्र नजर वळवावी तशी. एका दुपारीत स्वभाव कळत नाही, तेव्हा तिच्याबद्दल गप्प बसतो.

तर भारी कोणती? ओल्या रस्त्यावर, दमलेलो असताना: माझदा. कोरड्या ट्रॅकवर, डोकं ताजं असताना: पोर्शे, आणि त्यात मला शंका नाही. होंडा मी विकली. घ्यायला आलेल्या मुलाने इंजिन सुरू केलं, आवाज ऐकला आणि बाकी काही विचारायच्या आधी पैसे काढले. मी त्याला म्हटलं, "आधी मागचे टायर बदल." तो हसला. किल्ली देण्याआधी मी ते पुन्हा एकदा म्हटलं.