सव्वीसवर राहू दे नं, बाप्पा

एसीसारखा तापमानाचा आकडा कूलरला नसतो, म्हणून त्याच्यावरची भांडणंही वेगळी असतात. टाकीत पाणी कोण भरणार, झोतासमोर कोण झोपणार, मध्यरात्री पंप कोणी बंद केला. होळी आटोपली की नागपुरात खिडक्यांबाहेर लोखंडी स्टँड लागतात, ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंचे पाण्याने भिजणारे गवताचे पडदे, बदलल्या जातात. बोअरचं पाणी असेल तर वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजतात, ताटीचा एखादा पट्टा कोरडा राहतो आणि त्यातून बाहेरची झळ जशीच्या तशी आत येते. "कूलर गरम हवा फेकून राहिला" अशी तक्रार सुरू होते आणि बिचाऱ्या मोटरला शिव्या बसतात. प्लग काढून भोकं सुईने मोकळी केली की भागतं. प्लग काढणं मात्र विसरायचं नाही. ओल्या पत्र्यात उतरलेला करंट जीव घेतो.

मेच्या दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर नीट भिजलेल्या ताटीतून साधारण २७ अंशांची हवा मिळते. बाहेरच्या त्या हवेला नुसत्या पाण्याने फार तर २३पर्यंत उतरवता येतं आणि कूलर त्याच्या थोडा अलीकडे थांबतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर दोन-अडीच अंशांवर दमतो आणि चादरी तेवढ्या दमट करतो. दारं-खिडक्या घट्ट लावून कूलर चालवणाऱ्यांच्या घरात हा जुलै मेमध्येच येतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, ओल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते.

मग एसी आला आणि घराच्या हातात आकडा आला.

बाहेरून तापून आलेला माणूस आधी १८ करतो. लवकर थंड व्हावं म्हणून. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत त्याने काहीही लवकर होत नाही. कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो नाही तर बंद असतो. रिमोटवरचा आकडा त्याला कुठे थांबायचं एवढंच सांगतो. इन्व्हर्टरवाला, म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगाने चालतो तो, थोडा जोर धरेल, पण एसीची टनातली ताकद मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, बाहेर ४५ असताना दीड टन पूर्ण दीड टन उरत नाही. पश्चिमेच्या खोलीत दुपारी १८ ही निव्वळ इच्छा असते.

शिवाय तो आकडा पलंगावरचा नसतोच. सेन्सर बसलेला असतो भिंतीवर, सात-आठ फुटांवर, एसीच्या पोटात हवा शिरते तिथे. त्याच्या हिशेबाने २४ झालेले असतात. खाली झोताच्या थेट रेषेत झोपलेल्याला थंडी वाजून राहिली असते, आणि पश्चिमेच्या भिंतीला चिकटून झोपलेल्याला नऊ इंची वीट दुपारभर साठवलेली ऊब रात्री दहा वाजता परत देत असते. हवा दोघांची एकच, पण भिंतीचा शेक एकालाच. दोघंही खरं बोलतात. काही रिमोटमध्येच सेन्सर असतो. ती सोय चालू केली की रिमोट ज्याच्या उशाशी त्याचं राज्य.

ओले फँगर या डॅनिश संशोधकाने १९७०च्या सुमारास हा सगळा मामला गणितात बसवला. हवा, भिंतींचा शेक, वारा, आर्द्रता, कपडे आणि माणूस करतोय काय, सगळं जमवून आणलं तरी निदान पाच टक्के लोक नाखूश राहतात, असं ते गणित सांगतं. चार जणांच्या घरात पाच टक्के म्हणजे माणसाचा पाचवा हिस्सा. तो नेमका रिमोटजवळ बसतो.

मापांचा गोंधळ निराळाच. आपल्याकडे ताप फॅरेनहाइटमध्ये येतो आणि ऊन सेल्सिअसमध्ये पडतं. पोराला १०२ म्हणजे काळजी, बाहेर ४५ म्हणजे मे महिना. ते ४५ तापाच्या मापात ११३ होतात, हे कोणी मनावर घेत नाही. काही रिमोटवर अधिक-उणेची बटणं एकदम दाबली गेली की माप बदलतं, २४च्या जागी ७५ उगवतो आणि आजोबा मेन स्विचकडे धावतात. आजी म्हणते, "एसी कमी कर." नातू २४चे २० करतो. १७४२ साली सेल्सिअसने मांडलेल्या मूळ मापात पाणी उकळायचं शून्यावर आणि गोठायचं शंभरावर. ते पुढे उलटवलं. नसतं उलटवलं, तर नातवाने आकडा उतरवूनही आजीला ऊबच मिळाली असती. आणि आकड्यावर फार विसंबूही नये. मे २०२४च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं, तोवर शहराने ते ५६ मिरवून घेतले होते.

१ जानेवारी २०२०पासून स्टार रेटिंगचे नवे एसी मुळात २४वर लावलेले येतात. एक अंश वर गेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. माझं मत २६ला. सोबत छताचा पंखा दोनवर: फिरत्या हवेत अंगाला दोनेक अंश कमीच वाटतात. झोताची पट्टी वर, छताकडे. थंड हवा आपसूक खाली उतरते. पश्चिमेची भिंत ज्याच्या वाट्याला, त्याचा पलंग हातभर पुढे ओढायचा. दुपारी पडदा बाहेरून, खसचा किंवा हिरव्या नेटचा. आतला पडदा ऊन खोलीत शिरल्यावर अडवतो.

आणि जाळी. उन्हाळ्यातल्या धुळीत दर पंधरा दिवसांनी ती नळाखाली धरावीच लागते. जाळी तुंबली की हवा कमी ओढली जाते, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळला की भिंतीवरून पाणी ओघळतं, आणि खाली अठरावाले आणि सव्वीसवाले मिळून बादली शोधतात.